विश्लेषण : सुट्ट्या पैशांऐवजी ‘चॉकलेट’, लेकरांच्या दातांना खरा धोका कशाचा?

मूल किती चॉकलेट खाते यापेक्षा दिवसातून किती वेळा खाते, यावर दातांचे आरोग्य ठरते. बुलढाणा जिल्ह्यातील घरांनी आणि शाळांनी बंदीपेक्षा वेळापत्रकाचा विचार का करायला हवा?

२२ सप्टेंबर २०२५ रोजी चॉकलेटवरील जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. त्याच दिवशी टूथपेस्ट आणि टूथब्रशवरील करही १८ वरून ५ टक्के झाला. दात बिघडवणारी वस्तू आणि दात राखणारी वस्तू एकाच दिवशी एकाच दराच्या रांगेत येऊन बसल्या. कागदावर हिशेब बरोबरीचा झाला.

गावातल्या किराणा दुकानात मात्र तो बरोबरीचा नाही. टूथपेस्टची नळी महिन्याच्या सामानात एकदा घरात येते. चॉकलेट-गोळी दिवसातून तीन-चार वेळा लेकराच्या हातात पडते. दुकानदाराकडे सुटा रुपया नसतो म्हणून, वर्गात कोणाचा तरी वाढदिवस असतो म्हणून, पाहुणे येतात म्हणून, रडणे थांबवायचे असते म्हणून. यातले कोणतेही कारण वाईट नाही. पण या साऱ्यांची बेरीज मुलाच्या दाढेवर होते आणि ती बेरीज कोणी मांडत नाही. ‘चॉकलेट खाल्ले की दात किडतात’ हे वाक्य प्रत्येक आई-वडील म्हणतात. ते अर्धेच खरे आहे. उरलेले अर्धे समजून घेतले, तर चॉकलेटही राहते आणि दातही राहतात.

‘चॉकलेट’ म्हणजे नेमके काय?

मलकापूर असो वा मेहकर, दुकानात उभे राहून मूल ‘एक चॉकलेट द्या’ म्हणते तेव्हा त्याला कोकोपासून बनलेली वडी हवी असतेच असे नाही. बरणीतली आंबट-गोड गोळी, चिकट टॉफी, काडीवरचे लॉलीपॉप, चघळायचे च्युइंगम, कोको लावलेले बिस्कीट, या सगळ्याला बोलीत एकच नाव आहे : चॉकलेट. दातांच्या दृष्टीने मात्र या सगळ्या वस्तू सारख्या नाहीत.

खऱ्या चॉकलेटमध्ये कोकोचे लोणी असते. ते साधारण ३४ अंश सेल्सिअसला वितळते, म्हणजे शरीराच्या तापमानाच्या थोडे खालीच. त्यामुळे ते तोंडात विरघळते आणि लाळेबरोबर तुलनेने लवकर निघून जाते. घाटाखालच्या तालुक्यांत उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. ज्या दुकानात फ्रीज नाही, तिथे असे चॉकलेट टिकणार कसे? त्यामुळे टिकाऊ माल म्हणून बरणीत राहते ती साखरेची कडक गोळी, नाहीतर दाताला चिकटणारी टॉफी. जाहिरातीत दिसते ते चॉकलेट वेगळे आणि गावातल्या लेकराच्या खिशात असते ते वेगळे.

हा फरक शब्दांपुरता नाही. कडक गोळी जवळजवळ संपूर्ण साखरेची असते आणि ती दहा-दहा मिनिटे गालात ठेवून चघळली जाते. टॉफी दाढेच्या खाचांमध्ये रुतून बसते. दातांसाठी हे दोन्ही प्रकार वितळून जाणाऱ्या चॉकलेटपेक्षा जास्त त्रासदायक आहेत. म्हणजे बदनामी चॉकलेटची होते आणि जास्त नुकसान त्याच्या नावावर विकली जाणारी गोळी करते.

दात किडतो म्हणजे काय होते?

‘दाताला कीड लागली’ या शब्दप्रयोगाने पिढ्यान् पिढ्या एक गैरसमज जिवंत ठेवला आहे. दातात अळी नसते. आठवडी बाजारात रिंगणीच्या बियांची धुरी देऊन दातातले ‘किडे’ काढून दाखवणारे लोक असत. पाण्यात पडलेले ते बारीक पांढरे तुकडे बियांचेच असत. धुरीने वेळ जातो, दात मात्र पोखरत राहतो.

प्रत्यक्षात घडते ते असे. तोंडात असंख्य जिवाणू असतात. त्यांतला स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स हा साखरेवर जगणारा आणि दाताला घट्ट चिकटून राहणारा. १९२४ मध्ये त्याची ओळख पटली. साखर मिळाली की हे जिवाणू तिच्यापासून आम्ल तयार करतात. शिवाय साखरेपासूनच ते एक चिकट थरही विणतात आणि त्या थराखाली आम्ल दातावर दाबून धरले जाते. दाताचे बाहेरचे कवच, म्हणजे इनॅमल, हा शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ. पण आम्लापुढे त्यातले कॅल्शियम आणि फॉस्फेट विरघळू लागतात.

हे कधी सुरू होते, ते समजायला लोणारचे सरोवर उपयोगी पडते. पदार्थ आम्लधर्मी की अल्कधर्मी हे सांगणारा आकडा म्हणजे सामू. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात तो असतो. लोणार सरोवराच्या अल्कधर्मी पाण्याचा सामू १० च्या आसपास, शुद्ध पाण्याचा ७ आणि लिंबाच्या रसाचा २ च्या जवळपास. निरोगी लाळेचा सामू ७ च्या आगेमागे असतो. गोड खाल्ल्यावर काही मिनिटांतच दातावरच्या थराचा सामू घसरू लागतो. तो साधारण ५.५ च्या खाली गेला की इनॅमल विरघळू लागते.

मग लाळ कामाला लागते. ती आम्ल धुऊन काढते, सामू पुन्हा वर आणते आणि निघून गेलेली खनिजे थोडीफार परत बसवते. या दुरुस्तीला साधारण अर्धा ते एक तास लागतो. म्हणजे दात एका झटक्यात किडत नाही. झीज आणि भरपाई यांची रस्सीखेच दिवसभर सुरू असते. भरपाईला वेळ मिळाला तर दात टिकतो. वेळच मिळाला नाही तर खड्डा पडतो.

किती खाल्ले की किती वेळा खाल्ले?

या प्रश्नाचे सर्वांत ठळक उत्तर स्वीडनमधून आले, आणि त्यासाठी मोजलेली किंमत लाजिरवाणी होती. दुसरे महायुद्ध संपत आले तेव्हा लुंड शहराजवळच्या व्हिपेहोल्म रुग्णालयात दातांवरचा मोठा अभ्यास सुरू झाला. तिथे बौद्धिक दिव्यांग रुग्ण राहत. त्यांचे गट पाडून कोणाला जेवणासोबत साखर, कोणाला गोड पाव, कोणाला चॉकलेट, तर कोणाला मुद्दाम चिकट बनवलेली टॉफी देण्यात आली. काहींना दिवसाला २४ टॉफ्या दिल्या जात. त्या रुग्णांची संमती घेतलेली नव्हती आणि अनेकांचे दात कायमचे गेले. आज असा अभ्यास कोणीही मान्य करणार नाही.

१९५४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जेवणासोबत बरीच साखर खाणाऱ्यांचे दात तुलनेने कमी किडले होते. दोन जेवणांच्या मधे वारंवार चिकट गोड खाणाऱ्यांचे दात सर्वांत जास्त किडले. चॉकलेटच्या गटाचे नुकसान झाले, पण टॉफीच्या गटाइतके नाही. यातून स्वीडनमध्ये एक साधी सवय रुजवण्यात आली : गोड खायचे ते आठवड्यातून एकदा, शनिवारी. ‘शनिवारचा खाऊ’ हा शब्द तिथे आजही घराघरांत आहे.

आता हाच हिशेब चिखली किंवा नांदुऱ्याच्या एखाद्या मुलाला लावून पाहा. त्याला दिवसभरात पाच गोळ्या मिळाल्या. पाचही त्याने दुपारच्या जेवणानंतर एकदम खाल्ल्या, तर दातांवर आम्लाचा हल्ला एकदा होईल आणि तासाभरात लाळ सावरून घेईल. त्याच पाच गोळ्या सकाळी शाळेत जाताना, मधल्या सुट्टीत, शाळा सुटल्यावर, खेळताना आणि झोपण्यापूर्वी अशा खाल्ल्या, तर हल्ला पाच वेळा होईल. प्रत्येक वेळी पाऊण तास धरला, तरी पावणेचार तास दात आम्लात राहतात. साखर तेवढीच, पैसे तेवढेच, नुकसान मात्र कितीतरी जास्त. त्यातही झोपण्यापूर्वीची गोळी सर्वांत वाईट, कारण झोपेत लाळ फार कमी सुटते आणि धुऊन काढणारे कोणी उरत नाही.

म्हणूनच ‘किती?’ हा प्रश्न विचारणारे पालक चुकीच्या जागी पहारा देत असतात. पहारा हवा तो ‘किती वेळा?’ या प्रश्नावर.

डार्क चॉकलेट दातांना चांगले, हे खरे का?

मोबाईलवर अधूनमधून एक संदेश फिरतो की चॉकलेट दातांना चांगले असते. त्यामागे थोडे तथ्य आहे. कोकोच्या बीमध्ये पॉलिफेनॉल नावाचे घटक असतात. कोकोच्या टरफलाचा अर्क जिवाणूंना दातावर चिकटण्यापासून काही प्रमाणात रोखतो, असे प्रयोगशाळेत दिसले आहे. पण चॉकलेट बनवताना हे टरफल काढून टाकले जाते आणि त्यात भर पडते ती साखरेची. साध्या दुधाच्या चॉकलेटमध्ये साधारण निम्मे वजन साखरेचे असते. ७० टक्के कोकोच्या डार्क चॉकलेटमध्येही ३० टक्क्यांच्या आसपास साखर असू शकते. ती कमी आहे, शून्य नाही. आणि कडवट चॉकलेट आवडीने खाणारे मूल तसे विरळाच.

वेष्टनामागे बारीक अक्षरांत एकूण साखर आणि वरून घातलेली साखर असे आकडे छापलेले असतात. साखरेचा चहाचा एक चमचा म्हणजे साधारण ४ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितले की अशी साखर दिवसाच्या एकूण उष्मांकाच्या १० टक्क्यांच्या आत ठेवावी आणि ५ टक्क्यांच्या आत ठेवता आली तर उत्तम. हा दुसरा आकडा मोठ्या माणसासाठी साधारण २५ ग्रॅम, म्हणजे सहा चमचे; लहान मुलासाठी त्याहून कमी. ही मर्यादा सुचवण्यामागे लठ्ठपणाइतकेच दातांचे किडणे हेही एक कारण होते.

केवळ चॉकलेटच आरोपी का?

गोळी हिसकावून घेणाऱ्या हातानेच अनेकदा मुलाला साखरेच्या चहात बुडवलेले बिस्कीट दिले जाते. दातावरच्या जिवाणूंना साखर चॉकलेटची, चहाची की बिस्किटाची, याच्याशी देणेघेणे नसते. शिजवलेला मैदा दाताला चिकटून राहतो, तोंडातच त्याचे साखरेत रूपांतर सुरू होते आणि साखर घातलेले बिस्कीट तर दुहेरी मारा करते. टोस्ट, क्रीमचे बिस्कीट, डबाबंद सरबते, जत्रेतल्या रेवड्या आणि बत्तासे, पाडव्याच्या साखरगाठी, हे सगळे एकाच यादीत येतात.

गुळालाही सूट नाही. गूळ ‘नैसर्गिक’ आहे, त्यात थोडे लोहही असते. पण त्याचा मोठा भाग साखरच आहे आणि तो चिकट आहे. जेवणात गुळाचा खडा खाण्याने बिघडत नाही. तो दिवसभर चघळत राहण्याने बिघडते. तान्ह्या बाळाला साखरेच्या दुधाची बाटली तोंडात देऊन झोपवणे, ही तर चॉकलेटच्या वयाआधीच दात घालवण्याची रीत. अशा मुलांचे वरचे पुढचे दात दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीच काळे पडून झिजतात. खोकल्याची गोड औषधेही रात्री दिल्यावर पाण्याने तोंड पुसून घ्यावे, हे अनेकांना कोणी सांगितलेलेच नसते.

‘दुधाचेच दात, पडणारच आहेत’ या समजुतीचे काय?

सर्वांत मोठे नुकसान या एका वाक्याने केले आहे. दुधाचे दात २० असतात. त्यांचे कवच पातळ असल्याने कीड लवकर आत शिरते. पुढचे दात सहा-सात वर्षांच्या आसपास पडतात, पण दुधाच्या दाढा दहा ते बारा वर्षांपर्यंत चावण्याचे काम करतात. चौथ्या वर्षी किडलेली दाढ ‘पडेलच’ म्हणून सोडून दिली, तर मुलाला ती सहा-सात वर्षे सांभाळायची असते. दुखणारी दाढ घेऊन मूल एका बाजूने जेवते, कमी जेवते, रात्री उठून रडते, वर्गात लक्ष देत नाही. पू झाला तर खाली तयार होणाऱ्या पक्क्या दातालाही बाधा पोहोचू शकते. दाढ वेळेआधी काढावी लागली तर शेजारचे दात त्या जागेत सरकतात आणि पक्के दात वेडेवाकडे येतात.

त्याहून महत्त्वाची गोष्ट बहुतेक घरांत माहीतच नसते. साधारण सहाव्या वर्षी दुधाच्या दाढांच्या मागे चार नव्या दाढा येतात. त्या पक्क्या असतात, आयुष्यभरासाठी असतात. त्या येताना कोणताही दुधाचा दात पडत नाही, म्हणून पालकांना वाटते की त्या दुधाच्याच आहेत. पहिली-दुसरीत जाणारे मूल खिशात गोळ्या घेऊन फिरू लागते, नेमके त्याच वयात या दाढा तोंडात येतात. त्यांच्यावर खोल खाचा असतात आणि टॉफी त्यांतच जाऊन बसते. आठव्या-नवव्या वर्षी ‘दुधाची दाढ किडली’ म्हणून दुर्लक्ष केलेली दाढ अनेकदा हीच असते. ती गेली की दुसरी येत नाही.

भारतीय दंत परिषदेने २००२-०३ मध्ये केलेल्या देशव्यापी पाहणीत पाच वर्षांच्या सुमारे ५२ टक्के आणि १२ वर्षांच्या सुमारे ५४ टक्के मुलांमध्ये किडलेले दात आढळले होते. १५ व्या वर्षी हे प्रमाण ६३ टक्क्यांवर गेले होते. म्हणजे दर दोन मुलांमागे एक. इतका सर्रास असलेला आजार आजार वाटेनासा होतो, हेच त्याचे दुर्दैव.

बुलढाणा जिल्ह्यात हा प्रश्न अधिक बिकट का?

चॉकलेट शहरातले मूलही खाते. फरक पडतो तो पुढच्या टप्प्यावर. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे २६ लाख, आणि पाचपैकी जवळपास चार माणसे खेड्यात राहणारी. दातांचे दवाखाने प्रामुख्याने तालुक्याच्या आणि मोठ्या बाजारपेठेच्या गावांत. सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या संग्रामपूर किंवा जळगाव जामोद तालुक्यातील गावातून जिल्हा रुग्णालय गाठायचे तर पूर्णा ओलांडून घाट चढावा लागतो. वर्षानुवर्षे चालणारी सरकारी दंत महाविद्यालये छत्रपती संभाजीनगर आणि नागपूरला. दाढ दुखते म्हणून एका पालकाची मजुरी बुडते, एसटीचे भाडे लागते आणि एका फेरीत काम होत नाही.

त्यामुळे घडते ते ठरलेले. आधी लवंगेचे तेल, मग दुखणे थांबवणारी गोळी, कधी ती गोळीच हिरडीशी दाबून धरणे, ज्याने हिरडी भाजते. काही ठिकाणी दाढेखाली चिमूटभर तंबाखू, आणि तिथून मशेरीची सवय. शेवटी दाढ काढणे. लहान खड्डा असताना एका बैठकीत भरून निघाला असता असा दात दोन वर्षांनी उपटावा लागतो. वाटेत गेलेला पैसा गोळ्यांवर वाचवलेल्या पैशांच्या कितीतरी पट असतो.

जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड, कठोरा अशा गावांत अचानक केस गळू लागले, तेव्हा देशभर बातम्या झाल्या, पाण्याचे आणि रक्ताचे नमुने घेतले गेले, आयसीएमआरचे पथक आले. ते योग्यच होते. पण दात गुपचूप जातात. एका गावात एकाच आठवड्यात जात नाहीत, म्हणून त्यांच्यासाठी पथक येत नाही.

यंत्रणा नाही असे नाही. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्यांत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळांत वर्षातून एकदा मुलांना तपासण्यासाठी आहेत, आणि तपासायच्या आजारांच्या यादीत दात किडणेही आहे. प्रश्न तपासणीनंतरचा आहे. कार्डावर ‘दात किडलेले’ अशी नोंद होणे आणि तो दात भरला जाणे, यांत मोठे अंतर असते. ते अंतर कमी करण्याचे स्वस्त उपायही आहेत. चांदीचा क्षार असलेले सिल्व्हर डायमाईन फ्लोराईड हे द्रावण किडलेल्या जागी ब्रशने लावले की कीड बऱ्याचदा जागीच थांबते. ड्रिल लागत नाही, सुई लागत नाही. जागा काळी पडते हा त्याचा तोटा, पण दुधाच्या दाढेला तो चालण्यासारखा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ते अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतले. सहा वर्षांच्या दाढेच्या खाचा बुजवणारा पातळ थर हाही असाच सोपा उपाय. वर्षातून एकदा एखाद्या केंद्रातील सर्व शाळांची पहिली-दुसरीची मुले एका ठिकाणी आणून दंतवैद्याकडून हे करून घेणे, हे जिल्हा परिषदेच्या आवाक्याबाहेरचे काम नाही. चांदीसाठी प्रसिद्ध असलेल्या खामगावच्या जिल्ह्याने चांदीचा हा उपयोगही करून पाहावा.

शाळेने काय करावे?

नियम आहे. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनुसार जास्त साखर, मीठ आणि चरबी असलेले पदार्थ शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत मुलांना विकता येत नाहीत. १ जुलै २०२१ पासून हा नियम लागू आहे. तंबाखूच्या १०० यार्डांचा फलक बहुतेक शाळांवर दिसतो. या ५० मीटरची आठवण मात्र क्वचितच कोणाला असते. मे २०२५ मध्ये सीबीएसईने आपल्या शाळांना ‘शुगर बोर्ड’ लावायला सांगितले. कोणत्या पदार्थात किती साखर, हे मुलांना दिसेल असा फलक. जिल्ह्यातील बहुसंख्य मुले मात्र जिल्हा परिषदेच्या आणि अनुदानित शाळांत शिकतात. त्या शाळांनी परिपत्रकाची वाट पाहण्याचे कारण नाही. रिकाम्या वेष्टनांवरचे आकडे वाचून चमच्यांत साखर मोजणे हा चौथीच्या वर्गाचा गणिताचा उत्तम तास होऊ शकतो.

वाढदिवसाच्या चॉकलेटचे काय? तीस-चाळीस मुलांच्या वर्गात वर्षभरात तितकेच वाढदिवस. वाटप बंद करण्याची गरज नाही. ते शाळेतल्या दुपारच्या जेवणानंतर लगेच करावे, आणि मग सगळ्यांनी एकत्र नळावर जाऊन चूळ भरावी. काही शाळांत वाढदिवसाला वाचनालयासाठी पुस्तक किंवा पेन्सिली देण्याची पद्धत आहे, तीही चांगली. पण गरीब घरातल्या मुलावर महागड्या भेटीचे ओझे पडणार नाही, एवढे भान हवे.

गरिबाच्या लेकराचा एक आनंदही काढून घ्यायचा का?

हा आक्षेप घेतला जातो आणि तो रास्त आहे. शेतमजुराच्या मुलाला रुपयात मिळणारा आनंद दुसरा कोणता? बापाने बाजारातून येताना आणलेली चॉकलेटची पुडी ही त्या घरातली माया असते. ती बंद करा असे सांगणारा सल्ला घरात टिकणार नाही आणि टिकूही नये. बंदी घातली की मूल लपून खाते, आणि लपून खाल्लेल्या गोळीनंतर चूळ भरली जात नाही.

म्हणून सांगायचे ते इतकेच : खाऊ ठेवा, त्याची वेळ ठरवा. आणलेली पुडी डब्यात ठेवावी आणि जेवण झाल्यावर त्यातले द्यावे, एकदाच. शक्य असेल त्या घराने स्वीडनसारखा आठवड्यातला एक दिवस ठरवावा. बाजाराचा दिवस त्याला सोयीचा. टॉफी आणि कडक गोळीपेक्षा वितळणारे छोटे चॉकलेट बरे. मधल्या वेळच्या भुकेला मोठ्या मुलांसाठी फुटाणे, शेंगदाणे, पेरू, बोरे, काकडी आहेतच. चावून खाण्याने लाळ सुटते आणि ती दातांची राखण करते. खाल्ल्यावर खळखळून चूळ भरणे फुकट आहे.

ब्रश दिवसातून दोनदा, आणि त्यांतला रात्रीचा जास्त महत्त्वाचा. त्यानंतर पाण्याशिवाय काही नाही. पेस्ट फ्लोराईडची असावी. तीन वर्षांखालील मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांच्या मुलाला वाटाण्याएवढी. मुलाने पेस्ट थुंकावी, गिळू नये. जिथे विंधन विहिरीच्या पाण्यात फ्लोराईड जास्त असते तिथे दातांवर पांढरे-तपकिरी डाग पडतात; ती कीड नव्हे. अशा गावांनी पाणी तपासून घ्यावे आणि पेस्टबाबत दंतवैद्याला विचारावे. सात-आठ वर्षांपर्यंत ब्रश मुलाच्या हातात असला तरी शेवटचा हात मोठ्या माणसाने फिरवावा.

आणि महिन्यातून एकदा उजेडात बसवून मुलाचा ओठ वर उचलून पाहावे. हिरडीजवळ खडूसारखा पांढरट पट्टा दिसला तर ती कीड लागण्याची पहिली खूण आहे. या टप्प्यावर खाण्याच्या वेळा सुधारल्या आणि फ्लोराईड मिळाले तर दात सावरू शकतो. तपकिरी खड्डा दिसला तर दुखण्याची वाट पाहू नये. सहा वर्षे झाली की शेवटच्या दुधाच्या दाढेमागे नवी दाढ आली का, हेही पाहावे.

दुकानदारांचाही यात एक छोटा वाटा आहे. सुट्टे नाहीत म्हणून हातावर ठेवलेली गोळी ग्राहकाने मागितलेली नसते. आता बहुतेक दुकानांत क्यूआर कोडचा फलक टांगलेला असतो. एक रुपयाचा हिशेब फोनवरही होतो किंवा वहीत पुढच्या वेळेसाठी लिहिता येतो. रुपया परत मागणे हा कंजूषपणा नाही. ज्या घरात सहा वर्षांचे मूल आहे, त्या घरासाठी तर तो रुपया एका दाढेचा आहे.